दहापैकी दहा

१२ जानेवारी

चिंगे,

आत्याचं पत्र आलेलं बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. कोणी गेलेलं नाही, मी धडधाकट आहे, दुकान चालू आहे. मी तुझा फोन मुद्दाम उचलत नाही असंही नाही. फोन बंद करून मी कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिलाय. का ते सांगते, दमानं वाच.

गेल्या सोमवारी दुकानात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत कागदांची फाइल. मला वाटलं, चष्म्याची काडी मोडली असणार. म्हटलं, "बसा, बघू चष्मा." ते म्हणाले, "चष्म्याचं काम नाही, मोटारसायकलींचं आहे." मी म्हणे हप्त्यांवर दोन मोटारसायकली घेतल्यात आणि भिंतीएवढा टीव्ही, आणि हप्ता एकही भरलेला नाही. कागदावर माझं नाव, माझी जन्मतारीख, माझा ओळखपत्राचा नंबर, सगळं बिनचूक. फक्त फोन नंबर माझा नव्हता. मला साधी सायकल चालवता येत नाही हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, सगळे असंच म्हणतात."

दुकानात गिऱ्हाइकं होती. समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तयार झालेला चष्मा न घेताच निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात तुझे टिकटिककाका घड्याळांच्या टेबलावरून उठले. त्या माणसाला पाणी दिलं आणि म्हणाले, "ह्या बाईंच्या शेजारी बसून मी इतकी वर्षं घड्याळं उघडतोय. उधारीवर ह्यांनी सुईसुद्धा घेतलेली नाही." तो गेला, पण परत येतो म्हणून गेला.

मग बँकेत गेले. तिथं कळलं ते असं: कुणा बाईनं माझ्या नावानं फोन करून सांगितलं की माझा फोन हरवलाय, हा नवा नंबर लिहून घ्या. त्यांनी तिला खात्रीचे प्रश्न विचारले आणि तिनं बरोबर उत्तरं दिली. झालं. आता माझे निरोप तिला जातात, आणि बँकेतला पोरगेला साहेब मला विचारतो की तुम्ही त्याच कशावरून. भिंगं घासायच्या नव्या यंत्रासाठी मी कर्जाचा अर्ज केला होता, तोही अडकला. जुनं यंत्र आता काच कमी आणि माझा जीव जास्त घासतंय.

फोनवर माझा भरवसा राहिला नाही, तर आता आपली पत्रं. तुझं कुत्र्याचे पाय मांजराला अक्षर कोणाच्या बापाला उतरवता येणार नाही, तेवढी माझी खात्री आहे.

त्यातल्या त्यात बरं काय, तर माझी साठी छान झाली. तुझा तो फोनवरचा प्रश्नांचा खेळ आठवला की अजून हसू येतं. 'आमच्या आत्याला किती ओळखता?' माझ्या सख्ख्या भावाला, म्हणजे तुझ्या बाबाला, दहापैकी सहा. आणि टिकटिककाकांना दहापैकी दहा. अजून तो गुणांचा छापील कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, शहाण्यांनी.

तुझी
भिंगरीआत्या


२१ जानेवारी

भिंगरीआत्या,

तुझं पत्र मी कामावर, काउंटरमागे उभी राहून वाचलं आणि माझा इतका संताप झाला की एका पाहुण्याला चुकीच्या खोलीची किल्ली दिली. तू घाबरू नकोस. हे हल्ली फार चाललंय. आमच्या हॉटेलातल्या आचाऱ्याच्या नावावर कोणीतरी अख्खं दुकान थाटलं होतं. परवा एक बाई खोली सोडताना कार्ड चालेना म्हणून रडायला लागल्या, तर त्यांचंही हेच. त्यांचं नाव दुसरंच कोणी वापरत होतं आणि पत मात्र ह्यांची गेली.

आता मी सांगते तसं कर. चौकीत लेखी तक्रार दे आणि पोच घे. बँकेत जाऊन त्या बाईला नेमके कोणते प्रश्न विचारले ते वदवून घे, सोडू नकोस. म्हणजे माहिती कुठून फुटली ते कळेल. कोणीतरी जवळच्यानंच तोंड उघडलं असणार, नाहीतर ह्या गोष्टी बाहेर कशा जातील? मी दिवसभर हेच करते ना. ओळखपत्र घ्यायचं, फोटो तोंडाशी जुळवायचा, प्रत काढायची, कुलपात ठेवायची. माणसं कशी बेफिकीर असतात ते मला विचार.

मी येऊ का? रजा मागते. आणि टिकटिककाकांना माझा नमस्कार सांग. ते आहेत म्हणून मला इथे झोप लागते.

तुझी
चिंगी


३ फेब्रुवारी

चिंगे,

आधी एक सांगते. मला पत्रात भिंगरी म्हणू नकोस. कारण पुढे येईल.

चौकीत गेले. माझ्यासारख्यांची रांग बाकावरून जिन्यापर्यंत गेली होती. एका म्हाताऱ्याचं निवृत्तिवेतन दुसराच कोणी खातोय, एका नव्या नवरीच्या नावावर लग्नाआधीच घराचं कर्ज निघालंय. लिहून घेणारी हवालदारीण म्हणाली, "आत्या, आता घरफोडीची तक्रार आली की आम्हाला बरं वाटतं." तिच्या तोंडून आत्या ऐकून मला उगाच भरून आलं.

बँकेत तू सांगितलंस तसं ठाण मांडून बसले. शेवटी साहेबानं पडद्यावर बघून वाचलं. लहानपणचं टोपणनाव. पहिली शाळा. आईचं माहेरचं आडनाव. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. चिंगे, त्या बाईनं 'कोतवाल' सांगितलं. आमचा बोका मरून किती वर्षं झाली, आणि त्याचं नाव घेऊन कोणी परकी बाई माझं दार उघडून आत गेली. आणि माझे बाबा मला ज्या नावानं हाक मारायचे, ते नाव तिनं पहिलं सांगितलं. मला ते ऐकवत नाही आता. तू लिहिलंस तरी तिचाच आवाज येतो.

मग मी घरी येऊन शांतपणे विचार केला. कोतवाल कोणाला माहीत आहे? तुझ्या बाबाला तो आठवलासुद्धा नाही, त्यानं 'मोती' लिहिलं होतं. बरोबर उत्तरं एकाच माणसाला आली होती. दहापैकी दहा, तूच तर बक्षीस दिलंस. बँकेचे अर्ज भरायला तोच मला मदत करतो. माझं ओळखपत्र कितीदा त्याच्या टेबलावर पडलेलं असतं. दुकानाची दुसरी किल्ली त्याच्याकडे. आणि गेल्या वर्षी त्याच्या भाचीचं लग्न झालं, तेव्हा पैशांची ओढाताण होती, हे तो स्वतःच बोलला होता.

मला असं वाटून घ्यायचं नव्हतं. पण दुसरं कोण? तुझा खेळ तर घरच्यांपुरताच होता. तुझं काय मत आहे ते लिही. तुझं मी ऐकेन.

आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, हॉटेलात गर्दी होती. तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं.

काकांबद्दल मी काय सांगणार? मी इतक्या लांब. तू रोज त्यांच्या शेजारी बसतेस. माणसाचा काही भरवसा नाही, हे मात्र ह्या नोकरीत मी शिकलेय. सावध असलेलं बरं. सगळंच त्यांच्यावर ढकलायला नको, पण किल्ली आणि कागद काही दिवस स्वतःकडे ठेवलेस तर काय बिघडलं? कोणी केलं ह्याचा शोध चौकीवाले घेतीलच. तू त्याच्या मागे लागून तब्येत बिघडवू नकोस. झालं ते झालं.

आणि हो, तो साठीचा खेळ मी काढून टाकलाय. उगाच पसारा साठून राहतो, म्हणून.

सोबत तुझ्यासाठी गरम स्वेटर आणि पाय शेकायची पिशवी पाठवतेय. यंत्रासाठी मी माझ्या नावावर काही जमतं का बघू का? नाही म्हणू नकोस. मला तुझ्यासाठी काहीतरी करू दे.

चिंगी


२ मार्च

चिंगे,

स्वेटर बसला. पिशवी मात्र मी अजून उघडलेली नाही. तू एकदम एवढं का पाठवतेस कळत नाही, मी काय आजारी आहे?

तू लिहिलंस तसं केलं. किल्ली मागितली. नीट मागायची ठरवली होती, पण त्याच दिवशी वसुलीवाला पुन्हा आला आणि दारात उभा राहून मोठ्यानं माझं नाव घेऊन ओरडला. तो गेल्यावर घड्याळवाला मला म्हणाला, "बाई, तुम्ही बसा, मी बँकेत जाऊन येतो." माझा तोल गेला. गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "तुम्ही माझ्या कागदांपासून लांब राहा. माझ्या बोक्याचं नाव त्या बाईला कोणी सांगितलं, ते मला कळलंय."

त्यानं हातातलं घड्याळ पुरं केलं, मागचं झाकण बसवलं, ज्याचं त्याला दिलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्या आरशाशेजारी ठेवली. काचेखालचा तो दहापैकी दहाचा कागद काढून घेतला आणि घडी घालून खिशात टाकला. दोन दिवसांत टेबल, दिवा, अवजारांची पेटी, सगळं घेऊन गेला. कुठे गेला कोणाला सांगितलं नाही. निर्दोष माणूस एक शब्द तरी बोलला असता, असं मी स्वतःला सांगते.

खिडकीजवळची जागा आता रिकामी आहे. तिथला उजेड चांगला आहे, माझं टेबल तिकडे सरकव असं सगळे म्हणतात. मला होत नाही.

आत्या


११ मार्च

बाळ चिंगी,

तुझ्या टिकटिककाकाचे आशीर्वाद. बाई फराळाच्या पार्सलवर तुझा पत्ता माझ्याकडूनच लिहून घ्यायच्या, म्हणून तो पाठ आहे.

मी बरा आहे. चुलतभावाच्या दुकानात, बस थांब्यामागच्या जिन्याखाली, टेबलापुरती जागा मिळाली आहे. माझा पत्ता खाली लिहिला आहे, तुझ्यासाठी. बाईंना कळवू नकोस, त्यांना वाटेल मी सफाई द्यायला बघतोय.

तुझा खेळ तू इंटरनेटवर जगजाहीर ठेवला होतास, बाळ. मी कोण कुठला, तुमच्या नात्याचा ना गोत्याचा, मला तो दिसला आणि खेळता आला, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तू सगळी उत्तरंही लावलीस. आणि वर बाईंचा तो डोळे वटारलेला फोटो होता, ओळखपत्रावरचा. त्याच्या खालच्या कडेला नंबर राहून गेला होता. बारीक होता, पण मी बारीकच बघतो. बोक्याचं नाव कसं फुटलं, हे बाई दुकानात बोलल्या त्याच क्षणी मला कळलं.

बोललो नाही, कारण त्यांना मूलबाळ नाही आणि तू आहेस. शेजारी बसणारा माणूस गेला तर चालतं. तू गेलीस तर त्यांना चालणार नाही.

पण एक ऐक. खेळाचं पान मी तेव्हाच छापून घेतलं होतं, बक्षीस मिळालं म्हणून. ती प्रत सोबत पाठवतो. ती चौकीत आणि बँकेत गेली, तर उत्तरं कोणालाही मिळण्यासारखी होती हे सिद्ध होईल आणि बाईंचं नाव सुटेल. कुठून मिळाली ते सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ. मी काही म्हणणार नाही.

काका


१५ मार्च

आत्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता सरळ लिहिते.

मीच ती. तुझी माहिती मी दिली. चोराला नाही, सगळ्या जगाला दिली. खेळ घरच्यांपुरता नव्हता. तुझी जुनी गिऱ्हाइकं, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांना खेळता यावा म्हणून मी तो उघडा ठेवला. जितके जास्त लोक खेळतील तितकी तुझी साठी मोठी, असं माझं खुळं गणित. तुझी जन्मतारीख, तुझं टोपणनाव, शाळा, आजीचं माहेर, कोतवाल, सगळं मी हौसेनं विचारलं आणि हौसेनं उत्तरं लावली. फोटो तुझ्या ओळखपत्राचा होता. तू माझ्याकडे राहायला आली होतीस ना, तेव्हा काउंटरवर गंमत म्हणून मी त्याची प्रत काढली होती. पाहुण्यांची ओळखपत्रं मी कुलपात ठेवते, आणि तुझं जगासमोर भिंतीवर लावलं.

तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. मी लगेच खेळ काढून टाकला, आणि पसारा म्हणून काढला असं तुला लिहिलं. त्याच पत्रात पुढे तू काकांचं नाव घेतलं होतंस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण तसंच वाटलं. मी म्हटलं, काका गप्प बसतील, चौकीवाले काही शोधणार नाहीत, हळूहळू सगळं विरेल. स्वेटर मी तुला थंडीसाठी पाठवला नव्हता.

काकांचं पत्र सोबत ठेवतेय. त्यांनी तुला कळवू नकोस म्हटलंय, पण त्यांचं ऐकून मी आणखी एकदा लपायला तयार नाही. त्यांना सगळं माहीत होतं. छापलेल्या पानाच्या प्रती मी बँकेला आणि चौकीला पाठवल्या, बरोबर माझ्या सहीचा जबाब.

तू बोल, ओरड, काय वाटेल ते लिही.

चिंगी


१० एप्रिल

आत्या,

तुझं उत्तर नाही. बाबा म्हणाले तू बरी आहेस, दुकान उघडतेस. मग ठीक आहे.

रोज काउंटरवर कोणीतरी आपलं ओळखपत्र माझ्या हातात देतं आणि दुसरीकडे बघत उभं राहतं, एवढा विश्वास. मला ते हातात धरवत नाही.

चिंगी


२६ एप्रिल

चिंगे,

बँकेचा कागद आला. कर्ज माझं नाही असं त्यांनी मान्य केलं, तुझ्या जबाबामुळे आणि त्या छापील पानामुळे. वसुलीवाला आला होता. दारातच म्हणाला, "चुकीनं झालं हो," आणि गेला. तो ओरडला तेव्हा अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं, हे मात्र कोणी ऐकलं नाही. मुख्याध्यापिकांचा चष्मा अजून खणात आहे.

खेळाचं म्हणशील तर तुझं पत्र वाचून संपायच्या आत मी माफ केलं. साठ वर्षांत माझ्यासाठी इतकी मेहनत कोणी घेतली नव्हती. चोर येईल म्हणून कोणी वाढदिवस करायचा सोडत नाही. पण मग मी तुझं आधीचं पत्र काढलं. 'माणसाचा काही भरवसा नाही.' हे तू लिहिलंस तेव्हा तुला खरं ठाऊक होतं. ते मला गिळता येईना, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आणि ते वाक्य तुझं असलं, तरी दुकानात सगळ्यांसमोर बोललेलं तोंड माझं होतं. एवढ्या वर्षांची ओळख मी एका बोक्याच्या नावावर निकालात काढली. तेव्हा तुझ्यावर रागावताना माझा आवाज नीट लागत नाही.

काल मी त्या जिन्याखाली गेले. काय बोलायचं ते वाटभर पाठ केलं होतं. ते मान खाली घालून काम करत होते. उजेड अगदीच कमी आहे तिथे, टेबलावरचा दिवा दिवसासुद्धा लावावा लागतो. मला बघून ते उठले नाहीत आणि चिडलेही नाहीत. म्हणाले, "बोला." पाठ केलेलं सगळं मी विसरले. मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं. ते दरवर्षी न सांगता उघडून साफ करायचे, ह्या वर्षी राहिलंय, मागे पडतंय.

त्यांनी ते डोळ्याच्या भिंगाखाली धरलं. म्हणाले, "तेल सुकलंय. शनिवारी मिळेल." मग पावत्यांचं पुस्तक ओढलं, पेन उघडलं आणि वर न बघता विचारलं, "नाव काय लिहू?"

चिंगे, बँकेनं विचारलं, चौकीनं विचारलं, तेव्हा मी तावातावानं सांगत होते. कालच्यासारखं कधी झालं नाही. ज्या माणसाला माझी दहाच्या दहा उत्तरं येत होती, तो मला गिऱ्हाइकासारखं नाव विचारत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मला मान वर करता येईना. मागे एक मुलगी पट्टा बदलायला उभी होती, ती चुळबुळायला लागली.

मी म्हटलं, "भिंगरी."

त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी ते लिहिलं, सावकाश, त्यांच्या त्या कोरीव अक्षरात, आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.

तर शनिवारी तू ये. किल्ली मी बरोबर नेणार आहे. ते घेतील की नाही मला माहीत नाही, आणि नाही घेतली तर आपण दोघींनी ते ऐकून घ्यायचं आहे. तुझं तू तुझ्या तोंडानं सांगायचंस, पत्रातून नाही, मला पुढे करूनही नाही. सकाळची गाडी पकड. दुपारी जेवायला ते दुकान बंद करतात.

भिंगरी